नागभूमीतील समेट आणि दिल्लीची सबुरी

१ ऑगस्ट १९९७ या दिवशी भारत सरकार आणि नागा बंडखोरांचा सर्वांत प्रबळ असा इसाक-मुइवा गट यांच्यातील शस्त्रसंधी अमलात आली. त्या दिवशी कोहिम्यात जन्मलेले मूल आज पदवी घेऊन नोकरीच्या अर्जांमागे लागले असेल. कदाचित त्याचे लग्नही झाले असेल. त्याच्या उभ्या आयुष्यात त्याने युद्ध पाहिले नाही आणि तहही पाहिला नाही. ३ ऑगस्ट २०१५ रोजी दिल्लीत पंतप्रधानांच्या निवासस्थानी मोठ्या समारंभाने एका 'चौकट करारा'वर सह्या झाल्या. अंतिम करार आता हाताशी आला, असा सर्वांचा समज त्या वेळी झाला होता. त्यालाही दहा वर्षे उलटून गेली. नागांचा वेगळा ध्वज आणि वेगळी घटना या दोन मागण्यांपाशी बोलणी जी अडली ती अडलीच.

आपल्याकडच्या वृत्तपत्रांत नागालँडविषयी अधूनमधून जी बातमी येते ती एवढीच असते. अमुक प्रतिनिधी भेटले, अमुक फेरी झाली, वातावरण सौहार्दाचे होते. परंतु खरा प्रश्न या बातमीत नसतोच. अंतिम करार नाही, बंडखोरांच्या हातची शस्त्रे खाली ठेवलेली नाहीत, एकाचे दोन व दोनाचे अनेक गट झालेले आहेत. असे असता ही शांतता, ती कितीही अपुरी असली तरी, टिकली कशी? तिचे श्रेय दिल्लीच्या मुत्सद्देगिरीला देण्याची प्रथा आहे. वस्तुतः ही शांतता खेड्यापाड्यांतील धर्मोपदेशकांनी, आयाबायांनी आणि मूठभर शिक्षकांनी पै पै करून साठविली आहे. दुसऱ्याने साठविलेली ठेव आपण व्याजासकट खर्च करावी आणि मुद्दल कधी परत करणार हे सांगू नये, असा व्यवहार दिल्लीने तिच्याशी चालविला आहे. प्रस्तुत लेखाचे म्हणणे एवढेच आहे. पण ते पटण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

नागा प्रश्नाविषयी आपल्या सुशिक्षित वर्गात एक समजूत घट्ट रुजलेली आहे. परदेशी मिशनऱ्यांनी डोंगरातल्या भोळ्या लोकांना बाटविले आणि फुटीरपणाचे विष पेरले, ही ती समजूत. एडविन क्लार्क वा तत्सम नाव घेऊन हे सांगितले जाते. ते नावही बहुधा चुकीचे असते. १८७२ मध्ये आओ नागांच्या प्रदेशात गेलेल्या अमेरिकन बाप्टिस्ट मिशनऱ्याचे नाव एडवर्ड विंटर क्लार्क. त्याने आणि त्याच्यामागून आलेल्यांनी नागांना लिपी दिली, शाळा दिल्या आणि परस्परांच्या बोली न समजणाऱ्या जमातींना एक धर्म दिला, हे खरे. आपण एक आहोत ही भावना त्यातून बळावली, हेही खरे. तथापि १९२९ मध्ये सायमन कमिशनपुढे आम्हांला आमच्यापुरते राहू द्या असे निवेदन देणारे लोक चर्चच्या सांगण्यावरून गेलेले नव्हते, आणि फिझो यांच्या नागा नॅशनल कौन्सिलने १९५१ मध्ये स्वतःचे सार्वमत घेतले ते राजकीय चळवळ म्हणून. पुढे सशस्त्र बंड पेटले, लष्कर आले, १९५८ चा विशेषाधिकार कायदा आला, गावे जाळली गेली. तेव्हा या दोन आगींच्या मध्ये जी एकच संस्था उभी राहिली ती नागांची स्वतःची, नागा पाद्र्यांनी चालविलेली बाप्टिस्ट चर्च होय. परदेशी मिशनऱ्यांचे वास्तव्य तोवर संपत आले होते. २०११ च्या शिरगणतीप्रमाणे नागालँडच्या लोकसंख्येत ख्रिस्ती सुमारे ८८ टक्के आहेत. तेथे चर्च म्हणजे केवळ प्रार्थनेची जागा नव्हे. ती गावाची चावडी आहे, शाळा आहे आणि अडल्यानडल्याची पतपेढीही आहे.

नागालँडचे राज्य १ डिसेंबर १९६३ रोजी झाले. त्याने बंड शमेल ही अपेक्षा फोल ठरली. ज्या नेमस्तांनी हे राज्य मिळविले त्यांतले डॉ. इमकोंगलिबा आओ यांची हत्या १९६१ मध्येच झाली होती. अशा वेळी, १९६४ च्या आरंभी, वोखा येथे नागालँडमधील बाप्टिस्ट चर्चेसचे अधिवेशन भरले. तेथे हजारो लोकांच्या साक्षीने एक शांतता मंडळ नेमण्याची कल्पना पुढे आली, आणि त्यासाठी जी नावे सुचविली गेली ती आज वाचली तरी आश्चर्य वाटते. श्री. जयप्रकाश नारायण, आसामचे मुख्यमंत्री श्री. बिमलाप्रसाद चलिहा, रेव्हरंड मायकेल स्कॉट, आणि आपले श्री. शंकरराव देव. म्हणजे दोन सर्वोदयी, एक अशा राज्याचा मुख्यमंत्री की ज्याच्या अमलाविरुद्धच नागांनी शस्त्र उचलले होते, आणि एक इंग्रज पाद्री, ज्याने नैर्ऋत्य आफ्रिकेतील हेरेरो लोकांची कैफियत संयुक्त राष्ट्रांपुढे नेली होती व फिझो यांना लंडनला पोहोचविण्यास हातभार लावला होता. प्रत्यक्षात शंकररावांखेरीज बाकीचे तिघे कामाला लागले. ६ सप्टेंबर १९६४ रोजी बंदुका थांबल्या. कित्येक गावांतील लोक जंगलातून परत आले, ओस पडलेली शेते पुन्हा कसली गेली. चर्चच्या ठरावातून निघालेली ही शस्त्रसंधी स्वतंत्र भारतातील त्या प्रकारची पहिलीच म्हणावी लागेल.

या मंडळाने काय केले याकडे बारकाईने पाहिले पाहिजे, कारण पुढच्या यशापयशाची बीजे तेथेच आहेत. कोहिम्याजवळ चेदेमा येथे परराष्ट्र सचिव श्री. गुंडेविया आणि भूमिगतांचे प्रतिनिधी समोरासमोर बसले. डिसेंबर १९६४ मध्ये मंडळाने एक मसुदा मांडला. नागांची स्वयंनिर्णयाची इच्छा स्वाभाविक आहे हे सरकारने समजून घ्यावे, आणि भारतीय संघराज्यात राहण्याचा निर्णय नागांनी आपण होऊन, स्वेच्छेने घ्यावा, असा त्याचा आशय होता. दोन्ही बाजूंना अर्धेच रुचेल असे हे म्हणणे होते. जयप्रकाशांना त्या काळी पुष्कळांनी देशद्रोही ठरविले. पण मसुद्यापेक्षाही महत्त्वाचे काम खाली चालले होते. शस्त्रसंधी पाळली जाते की नाही हे पाहण्यासाठी जे निरीक्षक नेमले गेले त्यांत तामिळनाडूचे गांधीवादी शिक्षणतज्ज्ञ डॉ. एम. अराम होते आणि सेवाग्रामच्या नयी तालीमचे काम केलेल्या क्वेकर शिक्षिका मार्जोरी साइक्स होत्या. एखाद्या गावात गोळी सुटली की हे लोक मैलोगणती चालत तेथे जायचे, दोन्ही बाजू ऐकायचे आणि बातमीची अफवा होण्यापूर्वी ती खरीखोटी करायचे. अराम आठ वर्षे कोहिम्यात राहिले.

मंडळ मात्र १९६६ मध्ये मोडले. जयप्रकाशांनी राजीनामा दिला. आसामात रेल्वेगाड्यांत स्फोट झाल्यानंतर चलिहा बाहेर पडले. मायकेल स्कॉट यांना सरकारने देशाबाहेर काढले. श्रीमती इंदिरा गांधी यांच्याशी झालेल्या चर्चेच्या फेऱ्यांतूनही काही हाती लागले नाही आणि १९७२ मध्ये शस्त्रसंधी संपली. तरीही आठ वर्षे मिळाली होती. ती कोणी वापरली? नागा बाजूने ती वापरली काहींनी चीनकडे माणसे धाडून, आणि दिल्लीने ती वापरली भूमिगतांमध्ये जमातीजमातींची फूट पडते का याची वाट पाहत. चर्चने मिळवून दिलेला वेळ दोघांनीही असा खर्ची घातला.

त्यानंतरची चूक चर्चची होती, आणि ती लपविण्याचे कारण नाही. आणीबाणीच्या दिवसांत, ११ नोव्हेंबर १९७५ रोजी, शिलाँग करार झाला. रेव्ह. लोंग्री आओ यांच्यासारख्या थोर शांततावादी माणसाने व त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन्ही बाजूंना एकत्र आणण्याची खटपट केली होती. त्यांच्या हेतूविषयी शंका घेणे अन्यायाचे होईल. परंतु करारावर सह्या करणारे भूमिगत त्या वेळी खचलेले होते, फिझो लंडनला होते आणि ते अखेरपर्यंत या कराराविषयी मौन पाळून राहिले. 'स्वेच्छेने' भारतीय घटना स्वीकारली असे करारात लिहिले गेले. ती स्वेच्छा कशी होती हे प्रत्येक नागा घराला ठाऊक होते. मध्यस्थाने एका बाजूला थकलेले पाहून सहीसाठी कागद पुढे करावा, यात मध्यस्थी राहत नाही. या कराराचे फळ १९८० मध्ये दिसले. इसाक स्वू, थुइंगालेंग मुइवा आणि एस. एस. खापलांग यांनी नॅशनल सोशलिस्ट कौन्सिल स्थापन केली आणि कराराला विकलेपणाचे नाव दिले. १९८८ मध्ये तिचेही दोन तुकडे झाले आणि त्या फुटीच्या रात्री नागांनी नागांना मोठ्या संख्येने मारले.

पुढची वीस वर्षे नागभूमीत सर्वाधिक भीती होती ती भावाची. दिमापूरच्या बाजारात, कोहिम्याच्या रस्त्यावर, शेतातून परतताना माणूस मारला जाई, आणि मारणारा बहुधा त्याच चर्चमध्ये बाप्तिस्मा घेतलेला असे. १९९७ च्या शस्त्रसंधीने लष्कर व बंडखोर यांच्यातील गोळीबार थांबविला. गटागटांतील थांबविला नाही. किंबहुना दिल्लीशी बोलण्याचा मान कोणाचा, यावरून तो वाढला.

येथे स्त्रियांचा उल्लेख केला पाहिजे. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या नागा मातृसंघाने १९९४ पासून 'आता रक्त सांडू नका' अशी मोहीम हाती घेतली. या बायका जंगलातल्या छावण्यांत जाऊन बंडखोर पुढाऱ्यांना भेटल्या, सीमेपलीकडे म्यानमारमध्येही गेल्या. श्रीमती नेइदोनुओ अंगामी यांना २००० मध्ये पद्मश्री मिळाली ती याच कामासाठी. ज्या समाजात ग्रामसभेत बायकांना आवाज नाही, त्या समाजात आईच्या नात्याने त्यांचे ऐकले गेले. पण नाते संपून हक्काची गोष्ट निघाली तेव्हा काय झाले? २०१७ मध्ये नगरपालिकांत स्त्रियांना ३३ टक्के जागा देण्याचे ठरताच जमातींच्या पुरुषप्रधान संस्थांनी राज्य पेटविले. विधानसभेत पहिल्या दोन स्त्रिया निवडून आल्या त्या २०२३ मध्ये, राज्य होऊन साठ वर्षे व्हावयास आली तेव्हा. राखीव जागांसह नगरपालिकांच्या निवडणुका झाल्या २०२४ मध्ये. समेट घडविणाऱ्यांना घरात मात्र उंबऱ्याबाहेरच ठेवायचे, ही रीत केवळ नागांची आहे असे म्हणण्याचे धाडस आपण महाराष्ट्रात करू नये.

आता २००८ कडे वळू. त्या वर्षी गटागटांतील हत्यांनी कळस गाठला होता. धर्मशास्त्राचे अध्यापक रेव्ह. डॉ. वाती आयर यांच्या पुढाकाराने चर्चेस आणि जमातींच्या संस्था यांनी मिळून नागा समेट मंच उभा केला. थायलंडमधील चियांग माई येथे ब्रिटिश क्वेकरांच्या व अमेरिकन बाप्टिस्टांच्या साहाय्याने तिन्ही प्रमुख गटांचे लोक एकत्र बसविण्यात आले. तेथे आरंभी ते एकमेकांशी बोलत नसत. मग प्रार्थना, मग एका मेजावर जेवण. त्याच वर्षी कोहिम्यात फुटबॉलचा सामना झाला आणि त्यात परस्परांच्या जिवावर उठलेल्या गटांचे लोक एकाच संघातून, नागरिकांच्या संघाविरुद्ध खेळले. फुटबॉलने तह होत नसतात, असे कोणी म्हणेल. बरोबर आहे, पण काल ज्याला मारण्याचा हुकूम होता त्याच्याकडे आज चेंडू द्यावा लागतो, आणि तो सबंध गाव पाहत असतो, याचा परिणाम कोणत्याही निवेदनाहून अधिक होतो. डोंगरातील गावे पूर्वी एकमेकांशी लढून दमली की शपथ घेऊन आणि एकत्र जेवून वैर संपवीत. चर्चने या जुन्या रीतीला बायबलची भाषा दिली.

१३ जून २००९ रोजीच्या समेटाच्या करारावर इसाक स्वू, खापलांग आणि फिझोंच्या परंपरेतील 'फेडरल' सरकारचे सिंग्न्या यांच्या सह्या आहेत. या करारात कोणी कोणावर आरोप केलेला नाही. प्रत्येकाने आपल्याकडून झालेल्या अपराधांबद्दल देवासमोर क्षमा मागायची आणि दुसऱ्याला क्षमा करायची, असा त्याचा गाभा आहे. राजकीय वाटाघाटीत असे कधी घडत नाही. तेथे आधी दुसऱ्याने कबूल करायचे असते. श्रद्धेच्या आधाराने होणाऱ्या समेटाची खरी ताकद मला येथे दिसते. बंदूकधाऱ्याला माघार घेण्यासाठी तो कोणापुढेही हरला नाही असे वाटू देणारी एक जागा लागते. सरकारपुढे वाकणे म्हणजे हार. प्रतिस्पर्ध्यापुढे वाकणे म्हणजे हार. देवापुढे वाकण्यात कोणाचीच हार नसते. ही सोय धर्मनिरपेक्ष संस्थांपाशी नाही, हे माझ्यासारख्या धर्माविषयी साशंक माणसालाही मान्य करावे लागते. त्यानंतर गटागटांतील हत्या एकदम घटल्या. त्या पार थांबल्या नाहीत, पण दिमापूरच्या बाजाराला पुन्हा रात्रीचा दिवा लागला.

या रीतीची मोठी उणीवही येथेच आहे. क्षमा मागितली ती पुढाऱ्यांनी पुढाऱ्यांची. ज्याचा मुलगा अमुक गटाचा समजून मारला गेला, त्या बापाला त्याला कोणी व का मारले हे कळले नाही. दक्षिण आफ्रिकेत १९९६ पासून सत्य आणि समेट आयोगापुढे निदान साक्षी झाल्या, नावे घेतली गेली. नागांनी समेट घेतला आणि सत्य पुढच्या पिढीवर सोडले. फिझो आणि त्यांचे सहकारी टी. साख्री हे दोघेही खोनोमा या एकाच गावचे. नेमस्त झालेल्या साख्रींची १९५६ मध्ये हत्या झाली, आणि त्या एका मृत्यूचे ओझे ते गाव पिढ्यान्पिढ्या वाहत आले. फिझोंचे भाचे श्री. निकेतू इरालू यांनी आपल्या लोकांना सतत सांगितले की भारताने आपल्यावर काय अन्याय केले याची यादी करताना आपण आपल्यांवर काय केले याचीही करा. इरालू ज्या 'मॉरल रीआर्मामेंट' चळवळीतून घडले तिचे भारतातील केंद्र आपल्या पाचगणीला आहे. श्री. राजमोहन गांधी यांच्या पुढाकाराने १९६८ मध्ये ते सुरू झाले. स्ट्रॉबेरीच्या हंगामात तेथे जाणाऱ्या शेकडो मराठी कुटुंबांना त्या आवारात नागांपासून आफ्रिकनांपर्यंत कोणकोण बसून बोलून गेले याचा पत्ताही नसतो.

अशाच एका माणसाविषयी आपण अधिक जाणून घ्यावयास हवे होते. श्री. नटवर ठक्कर हे डहाणूचे. काकासाहेब कालेलकरांच्या प्रेरणेने १९५५ मध्ये, तेविशीत, ते मोकोकचुंग जिल्ह्यातील चुचुयिमलांग या आओ गावी गेले आणि त्यांनी तेथे गांधी आश्रम काढला. बंड ऐन भरात येत होते. हा मैदानी माणूस सरकारचा हेर असला पाहिजे, असा गावाला संशय. हा फुटीरांत रमला आहे, असा सरकारला. त्यांनी मधमाश्या पाळल्या, घाणी चालविली, मुलांना सुतारकाम शिकविले, लेंतिना आओ यांच्याशी विवाह केला. ते ख्रिस्ती झाले नाहीत आणि त्यांनी कोणाला गांधीवादीही केले नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले तोवर त्रेसष्ट वर्षे झाली होती. 'भारत' नावाची एक वस्तू संगिनीशिवायही असू शकते, हे त्या गावाने त्यांच्यामुळे पाहिले. दिल्लीच्या कोणत्याही मध्यस्थाची कारकीर्द इतकी लांब नाही.

एक धर्म असला की समेट सोपा, असा निष्कर्ष यातून काढला जाईल, तो चुकीचा आहे. १९९२ नंतरच्या काही वर्षांत मणिपूरच्या डोंगरांत नागा आणि कुकी यांच्यात जो संहार झाला, त्यातील दोन्ही बाजू ख्रिस्ती होत्या. 'नागालँड ख्रिस्तासाठी' ही घोषणा चर्चची नव्हे, बंडखोरांची आहे; म्हणजे ज्या श्रद्धेच्या नावाने शस्त्र खाली ठेवण्याचे आवाहन होते तिच्याच नावाने ते उचललेही जाते. शिवाय नागालँडच्या बाप्टिस्ट मंडळाखालील संघ जमातवार आहेत. आओंचा वेगळा, अंगामींचा वेगळा, सुमींचा वेगळा. बंडखोरांचे गटही बऱ्याच अंशी जमातीचे रंग घेऊन उभे असतात. जमातीच्या भिंती ओलांडण्यासाठी जिच्याकडे पाहायचे, ती संस्थाच त्या भिंतींना टेकून उभी आहे.

मिझोराममध्ये हे वेगळे घडले. तेथेही चर्चने मध्यस्थी केली, आणि ३० जून १९८६ चा करार आजवर टिकला. फरक चर्चच्या पुण्याईत नव्हता. तेथे बंडखोरांची एकच संघटना होती, एकच पुढारी होता, आणि लालडेंगांना मुख्यमंत्री करण्यासाठी काँग्रेसचे मुख्यमंत्री लालथनहवला यांनी आपले पद सोडले. चर्चने दार उघडले तेव्हा दिल्लीने आत पाऊल टाकले. त्यासाठी आपल्या पक्षाचे सरकार दिले. नागालँडमध्ये दिल्लीने असे काय दिले? तिने २०१५ मध्ये एका गटाशी चौकट करार केला, २०१७ मध्ये इतर गटांशी वेगळा मसुदा केला, आणि मग दोन्ही कागद एकमेकांसमोर उभे करून दोघांत एकमत नाही अशी तक्रार केली. २०२२ मध्ये समेट मंचाने पुन्हा धावपळ करून दोन्ही बाजूंकडून एकत्र चालण्याचे संमतिपत्र लिहून घेतले. सरकारने फोडायचे आणि पाद्र्यांनी जोडायचे, असा हा श्रमविभाग झाला आहे.

यात सामान्य माणसाचे काय होते, ते शिक्षक व कारकून वाचकांना चटकन कळेल. नागालँडमधील सरकारी नोकराच्या पगाराचा काही हिस्सा भूमिगत गट 'कर' म्हणून वसूल करीत आले आहेत. गट वाढले तसे करही वाढले. दुकानदाराच्या मालावर, ट्रकवर, घरपट्टीसारखा घरावरही. २०१३ मध्ये दिमापूरच्या नागरिकांनी 'एक सरकार, एक कर' अशी मागणी करीत रस्त्यावर येण्याचे धैर्य दाखविले. शस्त्रसंधीतील गटाला छावणी मिळते, ओळखपत्र मिळते आणि अंतिम कराराची घाई राहत नाही. सरकारलाही नसते. घाई असते ती फक्त महिन्याच्या एक तारखेला दोन ठिकाणी हिशेब देणाऱ्याला.

दिल्लीची अडचण खोटी आहे असे नाही. नागा मणिपूर, आसाम व अरुणाचलातही राहतात. त्यांच्या भूमीला हात लावताच शेजारी पेटतात. २०१० मध्ये मुइवांना मणिपूरमधील सोमदाल या आपल्या जन्मगावी जायचे होते तेव्हा त्या राज्याच्या सरकारने त्यांना माओ येथे अडविले आणि गोळीबारात दोन तरुण मेले. ते गावी पोहोचले ऑक्टोबर २०२५ मध्ये, नव्वदी ओलांडल्यावर. त्याच मणिपूरमध्ये ३ मे २०२३ पासून मैतेई आणि कुकी यांच्यात जे घडले त्यात अडीचशेहून अधिक माणसे मेली, साठ हजार बेघर झाली, चर्चेस जळाली तशी मंदिरेही जळाली. तेथे दोन्ही बाजूंच्या उंबऱ्यांवरून ये-जा करू शकेल असे कोणीही उरले नाही. ही माणसे एका वर्षात तयार होत नाहीत, आणि नागालँडमध्ये ती आहेत म्हणूनच त्यांचा हिशेब केला पाहिजे. इसाक स्वू २०१६ मध्ये गेले, खापलांग २०१७ मध्ये. ज्यांनी २००९ ला सह्या केल्या त्यांचा शब्द मानणारी पिढी पातळ होत चालली आहे.

४ डिसेंबर २०२१ रोजी मोन जिल्ह्यातील ओटिंग येथे कोळशाच्या खाणीतून घरी परतणाऱ्या मजुरांच्या गाडीवर लष्कराच्या विशेष तुकडीने बंडखोर समजून गोळ्या झाडल्या. त्या दिवशी व दुसऱ्या दिवशी मिळून चौदा नागरिक मेले, संतापलेल्या जमावाकडून एक जवानही मेला. नाताळचे दिवस होते. कोन्याक तरुणांच्या हाती त्या आठवड्यात काय येऊ शकले असते याची कल्पना करावी. ते आले नाही. गावोगावच्या धर्मोपदेशकांनी आणि वडीलधाऱ्यांनी शवपेट्यांपाशी उभे राहून त्यांना आवरले आणि न्यायाची वाट पाहण्यास सांगितले. राज्याच्या पोलिसांनी तीस सैनिकांवर आरोपपत्र ठेवले. खटल्यास लागणारी परवानगी केंद्र सरकारने २०२३ मध्ये नाकारली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते प्रकरण बंद केले. १९५८ चा कायदा राज्याच्या काही भागांतून २०२२ मध्ये उठविण्यात आला. उरलेल्या भागांत त्याला दर सहा महिन्यांनी मुदतवाढ मिळत आली आहे. वाट पाहा असे ज्या पाद्र्यांनी सांगितले, ते त्याच गावांत राहतात आणि दर रविवारी त्याच लोकांपुढे उभे राहतात. कशाची वाट पाहायची, असे कोणी त्यांना विचारले तर त्यांनी काय उत्तर द्यावे, हे गृहमंत्रालयाने एकदा कळवावे.